दोन किलोंच्या आतला प्राणी

आमच्या कुत्र्याचं वजन कुणी विचारलं की मी बेधडक "दीड किलो" सांगायचो. ते खोटं होतं, पण सांगायला बरं वाटायचं. खरं वजन त्याहून कमी होतं, आणि ते नेमकं किती हे शोधून काढताना माझ्या नाकी नऊ आले. पिसवांचं औषध बनवणाऱ्यांच्या जगात कुत्रं दोन किलोंपासून सुरू होतं. पाकिटावर छापलेलंच असतं, दोन ते दहा किलो, दहा ते वीस, वीस ते चाळीस. दोनच्या खाली काहीच नाही. म्हणजे त्यांच्या हिशेबी आमचा प्राणी अजून जन्मालाच आलेला नव्हता.

मी चाकणला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. गाड्यांना लागणारे ब्रॅकेट आम्ही बनवतो आणि ते मापात आहेत की नाहीत हे बघणं माझं काम. इतकी वर्षं हातात व्हर्निअर धरल्यावर माणसाचा स्वभाव बिघडतो. पोळी गोल नसली तर मी बोलत नाही, पण मला दिसतं. मला दिसलं हे बायकोला दिसतं आणि ती म्हणते, "करा रिजेक्ट. आणि स्वतः लाटा."

कुत्रा मुळात मुलीचा. तळवड्याच्या आयटी पार्कात नोकरी लागल्यावर तिने आम्हाला न विचारता, बुटांच्या खोक्यातून तो घरी आणला. "अजून लहान आहे, वाढेल," असं विकणाऱ्याने तिला सांगितलं होतं. तो वाढला नाही. केस तेवढे वाढले. लांबून बघितलं तर भांडी घासायचा काथ्या कुणीतरी जमिनीवर टाकलाय असं वाटायचं, आणि मग त्या काथ्याला दोन डोळे दिसायचे. पुढे मुलीचं लग्न झालं, ती सांगलीला गेली. तिच्या सासूबाईंना दमा, त्यामुळे केसाळ जनावर तिथे चालणार नव्हतं. कुत्रा रहाटणीला आमच्या फ्लॅटमध्येच राहिला. "मुलगी गेली आणि तिचं कुत्रं राहिलं, चांगलाच सौदा झाला," हे बायको येणाऱ्याजाणाऱ्याला माझ्याकडे बघत ऐकवायची, जणू सौदा मीच ठरवला होता.

मी कायम फर्स्ट शिफ्टला. भल्या सकाळी काळेवाडी फाट्यावर कंपनीची बस पकडायची आणि संध्याकाळ होता होता परत यायचं. दार उघडलं की तो येऊन माझ्या बुटावर बसायचा. बुटावर, कारण तो तिथे मावायचा. त्याला तसाच बुटावर घेऊन मी हळूहळू सोफ्यापर्यंत चालत जायचो. पन्नाशी उलटलेल्या माणसाने असं चालणं बरं दिसत नाही हे मला माहीत आहे. दिवसभरात तेवढंच एक काम मी मापात बसतंय की नाही हे न बघता करायचो.

आमच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. अशाच एका गुरुवारी मी सोफ्यावर पडलो होतो, कुत्रा माझ्या पोटावर होता आणि मागच्या पायाने मान खाजवत होता. मलाही काहीतरी चावलं. मी त्याचे केस फुंकून बाजूला केले तर तपकिरी रंगाचं काहीतरी सरसर पळालं. पिसू ही अशी वस्तू आहे की आपण "ती बघ" म्हणेपर्यंत ती तिथे नसते. बायको म्हणाली, डॉक्टरकडे न्या. मी म्हणालो, पुढच्या गुरुवारी. पुढच्या गुरुवारीही मी हेच म्हणालो. असे बरेच गुरुवार गेले.

मग सांगलीहून मुलीचा फोन आला. गोड बातमी होती. पहिलं बाळंतपण म्हणजे माहेरी, त्यात कुणी कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. सातव्या महिन्यात ओटी भरून ती आमच्याकडे येणार होती. ती यायला दीडेक महिना उरला तेव्हा बायकोने माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवली. तिच्या आईची मऊसूत झालेली जुनी लुगडी त्या पेटीत होती, बाळाच्या दुपट्यांसाठी आणि गोधड्यांसाठी जपून ठेवलेली. एक लुगडं उलगडत, सुईत दोरा ओवत, माझ्याकडे न बघता तिने निकाल दिला.

"ती यायच्या आधी पिसवा गेल्या तर ठीक. नाहीतर तुमचं कुत्रं दापोडीला जाईल. दादाशी बोलून ठेवलंय मी."

दादा म्हणजे माझा मेहुणा. त्याचं घर दापोडीला रेल्वेलगतच्या गल्लीत आहे. दार दिवसभर सताड उघडं, दारातून माणसांचं येणंजाणं, बाहेर टेम्पो आणि रिक्षा आणि पाण्याचे ड्रम, शिवाय आपापली हद्द सांभाळणारी दांडगी कुत्री. मेहुणा देवमाणूस आहे, पण चालताना तो पायाखाली बघत नाही. त्या गल्लीत आमचा प्राणी एक दिवस तरी टिकला असता का? तोंडाने मी नुसतं "बघू" म्हणालो.

औषधाचं दुकान मी त्याच दिवशी गाठलं. तिथे पाकिटावरचे ते आकडे वाचले आणि हात हलवत परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दूधवाल्याला ही अडचण सांगितली. दूधवाल्याचं घराणं रहाटणी गावठाणातलं, जुनं. सगळीकडून इमारती उठल्या तरी त्यांच्या म्हशी आहेत तिथेच आहेत. त्याने दुधाचं माप भरता भरता माझी चिंता निकालात काढली.

"औषध हाय की आपल्याकडं. म्हशीच्या गोचिडाला लावतो आमी. पाण्यात टाकायचं आन् पुसून घ्यायचं. काय बी हुत न्हाई."

"अहो, पण म्हैस केवढी आणि हा केवढा?"

"मंग कमी टाका की! तुमी शिकल्याली मानसं, हिशेब तुमीच करा."

हिशेब करा म्हटल्यावर मी हरखलो. त्याने दिलेली बाटली खिशात घालून मी बसमध्ये मोबाईलवर त्रैराशिक मांडलं. म्हैस पाचशे किलोंची धरली, कुत्रा दीड किलोचा. उत्तर इतकं बारीक आलं की सुईच्या टोकावर जेवढं चिकटेल तेवढंच औषध घ्यायला हवं होतं. ते पाणी किती बादल्यांत मिसळायचं हे काढता काढता मोशी आली. शेजारी बसलेला एक जण माझ्या मोबाईलमध्ये डोकावला आणि म्हणाला, "भावा, टॉलरन्स किती धरलास?" माप किती चुकलेलं चालेल हा प्रश्न ऐकला तेव्हा मात्र माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कारखान्यात चुकलेला ब्रॅकेट आपण भंगारात टाकतो. इथे चुकलो तर काय भंगारात टाकणार होतो मी? बाटली मी खिशातून बाहेरच काढली नाही.

गुरुवारी कुत्र्याला घेऊन पिंपळे सौदागरला गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण बोलणं सुपरवायझरचं. दूधवाल्याची बाटली मी टेबलावर ठेवली, ती बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"हे जिथून आणलंत तिथे परत द्या. इतक्या लहान कुत्र्यांना हे पातळ करूनसुद्धा सोसत नाही. हिशेब बरोबर येतो काका, आणि कुत्रं जातं."

कुत्रा टेबलावर बसून त्या बाटलीचं बूच हुंगत होता. मी बाटली उचलून परत खिशात घातली आणि खिशावर हात दाबून धरला.

"मग दुकानातली ती मोठ्या कुत्र्याच्या मानेवर सोडायच्या औषधाची नळी आणून तिचे भाग केले तर?" मी विचारलं.

"ते तर मुळीच नाही. नळीतलं औषध डोळ्यांच्या अंदाजाने वाटायची वस्तू नाहीये." त्यांनी एक फवाऱ्याची बाटली काढून दिली. "हे याला चालेल. दर किलोमागे ठरलेले दाब मारायचे, मी लिहून देते. हातमोजे घाला. डोळ्यांना आणि तोंडाला लागू देऊ नका, सुकेपर्यंत चाटू देऊ नका. घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं गरम पाण्यात धुवा, कोपरे झाडून घ्या, कारण पिसवा कुत्र्यावर थोड्या असतात आणि घरात जास्त. आणि वजन नेमकं हवं. आमचा लहान काटा दुरुस्तीला गेलाय, मोठ्यावर याचा भरवसा नाही."

त्यांच्या मोठ्या काट्यावर लॅब्राडोर उभे राहतात. आमचा प्राणी त्याच्या एका कोपऱ्यात थरथरत बसला आणि आकडा त्याच्याबरोबर थरथरत राहिला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या एवढ्या सगळ्या गोष्टींतून मी एकच ऐकली होती, वजन नेमकं हवं. ते शब्द माझ्या कानाला असे गोड लागले की पुढचं-मागचं सगळं पुसलं गेलं.

घरचा काटा आधी करून बघितला. कुत्र्याला घेऊन उभा राहिलो, मग त्याला ठेवून उभा राहिलो. दोन्ही वेळा आकडा तोच. एकदा तर कुत्र्यासकट मी हलका भरलो. बायको म्हणाली, "त्याला उचलून धरत जा, तुमचं पोट कमी होईल."

मग मी रीतसर कामाला लागलो. आमच्याकडे कुठलंही माप तपासायचं तर आधी एक मास्टर लागतो, म्हणजे ज्याचं माप शंभर टक्के खात्रीचं आहे अशी वस्तू. मी मिठाचा एक किलोचा पुडा कंपनीत नेला, तिथल्या सर्टिफिकेट असलेल्या काट्यावर प्लास्टिकसकट तोलला, आणि त्यावर स्टिकर लावून 'मास्टर' असं लिहिलं. गेटवरच्या सिक्युरिटीला मीठ आत का नेलं आणि बाहेर का आणलं हे समजावताना माझी बस चुकली. पण संध्याकाळी एका पिशवीत मीठ आणि दुसऱ्या पिशवीत कुत्रा घेऊन मी मोठ्या दिमाखात रहाटणीच्या रस्त्याने निघालो.

आधी मीठ ठेवायचं, काटा खरा की खोटा ते बघायचं, आणि मग कुत्रा ठेवायचा. पद्धतीत खोट काढायला जागा नव्हती. फक्त ती दुकानदारांच्या डोळ्यांसमोर करायची होती, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. किराणावाल्याच्या काट्यावर मास्टर जरा जास्त भरला. मी सहज म्हणालो, "तुमचा काटा पुढे आहे." दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. सगळ्यांनी आपापल्या हातातल्या पिशव्यांकडे बघितलं.

"काका, कुत्रं मोजायला आलात का मला मोजायला?" किराणावाला म्हणाला. त्यानंतर महिनाभर आमच्या घरी साखर लांबच्या दुकानातून यायची.

भंगारवाल्याच्या काट्यावर तोच पुडा कमी भरला. तेव्हा मला उमगलं की विकणाऱ्याच्या काट्यावर कुत्रा जाडा होतो आणि घेणाऱ्याच्या काट्यावर रोडावतो. दोन्हींची सरासरी काढावी का, या विचारात मी चिकनच्या दुकानापाशी थांबलो. त्यांचा काटा चकचकीत नवा होता. मी कुत्रा पिशवीतून काढून वर ठेवला. दुकानदाराने कुत्र्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "स्किन के साथ?" रांगेतली माणसं इतकी हसली की आकडा वाचायचा राहून गेला. मी कुत्र्याला उचललं आणि तिथून सटकलो.

शेवटी न्याय मिळाला तो मसाल्याच्या डंकात. मिरच्या कांडून देणारे ते चाचा माझ्या आईच्या वेळेपासूनचे ओळखीचे. त्यांच्या जुन्या काट्यावर मास्टर ठेवला आणि आकडा कंपनीतल्या आकड्याशी तंतोतंत जुळला. चाचांची छाती फुगली. आमच्या काट्याला आजवर कुणी बोट लावलं नाही, हे त्यांनी आत-बाहेर सगळ्यांना ओरडून सांगितलं. मग एका रिकाम्या डब्यात कुत्र्याला बसवलं. पण तिथल्या हवेत तिखट. कुत्रा शिंकायचा आणि प्रत्येक शिंकेबरोबर आकडा उडी मारायचा. चाचांनी रुमालाने त्याचं नाक पुसलं, त्याच्या डोक्यावर हात ठेवून "बस, बेटा, बस," म्हणाले, आणि हात हळूच उचलला. कुत्रा घडीभर त्यांच्याकडे बघत स्तब्ध बसला. डबा वजा जाता एक किलो तीनशे ऐंशी. मला टाळी वाजवावीशी वाटली.

पुढची अडचण अशी की डॉक्टरीणबाईंच्या नियमाने गुणाकार केला तर दाब पूर्ण येईनात, अर्धा वर उरायचा. अर्धा दाब कसा मारतात? मी फोन करून विचारलं. "उरलेला सोडून द्या काका. कमी चालेल, जास्त नको," त्या म्हणाल्या. पण मुळात प्रत्येक दाबाला सारखंच औषध येतं का, हा प्रश्न मला गप्प बसू देईना. मी खोकल्याच्या औषधाचं मापाचं टोपण घेतलं आणि त्यात फवारे मारून मारून बघितले. दाब सारखे निघाले. बाटली निम्मी झाली.

"टोपणाच्या पिसवा मेल्या असतील आता," बायको म्हणाली. "कुत्र्याचं काय?"

गुरुवारी गॅलरीत कार्यक्रम झाला. हातमोजे घालून मी दाब मोजत होतो. बायकोने मी हात लावणार नाही असं आधीच जाहीर केलेलं होतं. हात तिने लावला नाही, पण टॉवेल घेऊन सबंध वेळ डोक्यावर उभी राहिली. "डोळे झाका त्याचे. अहो, कान राहिला. चाटतोय बघा, चाटू देऊ नका! बघताय कुठे तुम्ही?" इतक्या सूचना आमच्या कंपनीत ऑडिटलाही मिळत नाहीत.

दोन दिवसांत मेलेल्या पिसवा फरशीवर मिळाल्या. मी त्या बायकोला कागदावर घेऊन दाखवल्या. तिला कौतुक वाटलं नाही, पण मला वाटलं. आठवडा गेला आणि कुत्रा पुन्हा खाजवू लागला. केस फुंकले तर जिवंत, तरण्याताठ्या, नव्या कोऱ्या पिसवा. मुलगी यायला थोडेच दिवस उरले होते आणि पुढचा फवारा महिना झाल्याशिवाय मारायचा नव्हता. माझं कुठे चुकलं ते मला कळेना. माप बरोबर होतं, औषध बरोबर होतं, पद्धत बरोबर होती. वजनाची पुन्हा एकदा खात्री करावी म्हणून मास्टर शोधायला गेलो तर तो सापडेना.

"मिठाचा पुडा?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "लिंबाच्या लोणच्यात गेला. ती येणार आहे ना, तिला लागेल."

मी भयंकर चिडलो. स्टिकर लावलेल्या वस्तूला हात लावायचा नसतो एवढंही घरात कुणाला कळत नाही, असं मी ओरडलो. ती त्याहून जोरात ओरडली की मिठाला स्टिकर लावणाऱ्या माणसाबरोबर तिने तीस वर्षं काढली. कुत्रा सोफ्याखाली गेला. माझा राग खरं तर मिठाचा नव्हताच. दापोडीची ती गल्ली मला दिवसरात्र दिसत होती आणि ते मला कुणाला सांगता येत नव्हतं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी कंपनीत मटेरियल आलं नाही, लाईन थांबली आणि जेवणानंतर आम्हाला सोडून दिलं. मी दुपारी घरी पोचलो, किल्लीने दार उघडलं. बायको हॉलमध्ये जमिनीवर पाठमोरी बसून गोधडीला धावदोरा घालत होती. तिच्या गुडघ्याला लागून जुन्या लुगड्यांचा ढीग होता, आणि त्या ढिगातून एक काळं नाक बाहेर आलेलं होतं.

"हलू नकोस राजा, सुई लागेल," ती म्हणत होती. "हे बघ, हे निळं आजीचं. तुझ्या ताईलाही याचंच दुपटं होतं. तीही अशीच यायची मध्ये मध्ये. जरा सुई घेतली की आलीच मांडीवर." तिने दोरा दाताने तोडला. "आता आली की तू जाशील तिच्याकडे. जा. मला काय! पण दुपारचं इथे यायचं, कळलं?"

मी दार हळूच ओढून घेतलं आणि जिना उतरून खाली सोसायटीच्या बाकावर जाऊन बसलो. मुलगी सासरी गेल्यापासूनच्या, गुरुवार सोडून, सगळ्या दुपारी मी चाकणला होतो. त्या दुपारी या घरात काय चालत असेल, हा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. शेजारचे आजोबा पेपर वाचत होते, त्यांनी विचारलं, "काय, सुट्टी?" मी मान हलवली.

अर्ध्या तासाने मी बेल वाजवली. कुत्रा आपल्या वेताच्या टोपलीत शहाण्यासारखा बसला होता आणि लुगड्यांच्या ढिगावर चादर घातलेली होती.

"तुमचं कुत्रं दिवसभर नुसतं खाजवतंय," बायको म्हणाली.

तेवढ्यात मला डॉक्टरीणबाईंचे शब्द आठवले. अंथरुणं-पांघरुणं गरम पाण्यात धुवा, पिसवा घरात जास्त. मी बुटाचा बंद सोडता सोडता थांबलो. दोष कुत्र्यात नव्हता, वजनात नव्हता, दाबात नव्हता. तो चादरीखाली होता, आणि तो सांगायचा कसा?

"अगं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की घरातले सगळे कपडे गरम पाण्यात धुवायला लागतील. सगळेच. ते जुने, हे जे काय आहेत, तेही."

"कधी म्हणाल्या?"

"तेव्हाच. पहिल्यांदा."

तिने मला जे ऐकवलं ते मी इथे सगळं लिहीत नाही. मीठ घेऊन गावभर फिरलात, चिकनच्या दुकानात हसं करून घेतलंत, आणि धुवायचं तेवढं सांगितलं नाहीत, असा त्याचा सारांश होता. मग ती चादरीकडे बघत राहिली. तिचा चेहरा उतरला.

"बाळाची दुपटी आहेत हो ती," ती म्हणाली.

"धुतली की झालं. औषध लागलंच आहे, फक्त घर राहिलंय," मी म्हणालो. "लुगड्यांत कुत्रं कशाला जातंय म्हणा. पण सगळंच धुवायचं म्हणाल्या." तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मी बुटाचा बंद सोडण्यात गढून गेलो.

पुढच्या गुरुवारी घराची पार कंपनी झाली. गीझर दिवसभर चालू, मी बादल्या उचलतोय, बायको ढवळतेय. लुगडी, दुपटी, गोधड्या, उशांचे अभ्रे, पडदे, टोपलीतली गादी, सगळं गरम पाण्यातून काढून गच्चीवर टाकलं. सोफे ओढून कोपरे झाडले. खालच्या मजल्यावरून कचरा ओढायचं मशीन मागून आणलं. गच्चीवर इतकी रंगीबेरंगी लुगडी वाळत होती की खालून दूधवाल्याने हाक मारून विचारलं, "काय राव, लगीन हाय का काय घरात?"

वाळलेल्या घड्या खाली आणताना त्यांतली एक गोधडी माझ्या हाताला वेगळी लागली. वीतभर असेल, काठ नीट दुमडून शिवलेले. बाळाला ती पुरली नसती. "ही कशाची?" मी विचारलं.

"कापड उरलं होतं," बायको म्हणाली आणि माझ्या हातून ती घेतली.

मुलगी आली त्याही दिवशी गुरुवार होता. उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून तिला आत घेईपर्यंत कुत्रा दारात गोल गोल फिरून रडत होता. ती खाली बसली तसा तिच्या अंगावर चढला, तिचा चेहरा चाटला, तिच्या पोटाला कान लावल्यासारखा थांबला. मी आधीच त्याला बारीक दातांच्या फणीने विंचरून ठेवलं होतं आणि फणीतलं सगळं ओल्या पांढऱ्या कागदावर झटकून बघितलं होतं. पिसवांची घाण असली तर ते काळे कण ओल्या कागदावर लालसर होतात. कागद कोरा राहिला होता. तो कागद मी मुलीला दाखवला. "बाबा, बसू द्या ना आधी," ती म्हणाली.

दुपारी जेवणं झाली. बायकोने सुई-दोरा घेतला, आणि मुलीच्या मांडीवर झोपलेला कुत्रा उठला. आळोखेपिळोखे देत तो सरळ लुगड्यांच्या ढिगाकडे गेला, त्यात शिरला आणि नाक बाहेर काढून बसला. बायको कानशिलापर्यंत लाल झाली.

"हे बघा! कुठेही घुसतं तुमचं कुत्रं!"

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी तिला गप्प राहायला सांगितलं. ती शहाणी आहे, आईच्या खांद्याला टेकून बसली. दापोडीचा विषय त्या दिवशी निघाला नाही. मीही काढला नाही.

वेळेवर नात झाली. नर्सने येऊन वजन सांगितलं, दोन किलो सातशे. माझ्या तोंडून गेलं, "म्हणजे पाकिटावरच्या पहिल्या रकान्यात बसली!" व्याही माझ्याकडे बघत राहिले. बायकोने मला कोपराने ढोसलं, पण तीही हसत होती.

बारशाला घर भरून गेलं होतं. दापोडीहून मेहुणाही सहकुटुंब आला. जेवण झाल्यावर तो पान लावत माझ्याशेजारी बसला. पाळणा समोरच होता. बायको वाकून बाळाचं निळं दुपटं सारखं करत होती, आणि पाळण्याखाली, वीतभर गोधडीवर, कुत्रा बसला होता.

"काय गोजिरवाणं आहे हो दाजी," मेहुणा म्हणाला.

"थोडक्यात वाचलं," मी म्हणालो. "तुमच्याकडेच येणार होतं ते दापोडीला."

"माझ्याकडे?" त्याचं पान हातातच राहिलं. "मला कोण बोललं? अहो, आमच्या गल्लीत हे संध्याकाळपर्यंत तरी राहील का?"

मी बायकोकडे बघितलं. तिला सगळं ऐकू गेलं होतं. तिने दुपट्याची घडी पुन्हा एकदा मोडली आणि पुन्हा घातली.

"बघताय काय?" मान वर न करता ती म्हणाली. "गुरुवारी फवारा आहे त्याचा. आधी चाचांकडून वजन करून आणा. आणि मिठाचा नवा पुडा आणलाय मी, फडताळात वर ठेवलाय. स्टिकर लावून घ्या."